जुनी पिकअप: आधी आरसी की आधी चेसिस?

२०२८च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये रस्ते, पूल आणि घाटांची कामं चालू आहेत. ऑक्टोबर २०२२मध्ये महाकाल लोक खुला झाला आणि तेव्हापासून दर्शनाची गर्दी सणावारापुरती राहिलेली नाही. शहरात रोज जे सामान येतं, एकीकडे गिट्टी, सिमेंट, सळ्या आणि दुसरीकडे फुलं, भाजी, दूध, पाण्याचे जार, त्यातलं पुष्कळसं जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांतून न्यावं लागतं. तिथे मोठा ट्रक शिरत नाही. तिथे पिकअप चालते. बोलेरो पिकअप, दोस्त, योद्धा, इंट्रा, आणि २००५ साली आलेला टाटा एस, ज्याला इथे लहान पोरंसुद्धा छोटा हाथी म्हणतात.

माझ्या धाकट्या मुलाला आगर रोडकडच्या गावांतून फुलं आणि भाजी शहरात आणायची आहे, आणि त्यासाठी जुनी डिझेल पिकअप घ्यायची आहे. नव्या गाडीचा हप्ता धंदा उभा राहण्याआधीच धंद्याला खाईल, हे त्याचं म्हणणं मला पटतं. घरात सल्ला द्यायला दोन माणसं आहेत. एक माझा धाकटा भाऊ. मॅटाडोरच्या काळापासून डिझेल इंजिनं खोलतोय, आणि सगळं घर त्याला मामाच म्हणतं. दुसरी माझी मुलगी. ती गाड्यांच्या विम्याच्या दाव्यांचं काम करते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि गाडीच्या बाबतीत अजिबात पटत नाही. त्यांचं बोलणं मी इथे लिहून ठेवते आहे, कारण बहुतेक घरांत यातली एकच बाजू ऐकली जाते. ज्यांच्या ओळखीत मिस्त्री असतो ते कागद नंतर बघू म्हणतात. ज्यांच्या घरात कचेरीतलं माणूस असतं त्यांच्याकडे गाडीखाली झोपून कोणी बघत नाही.

मामा : आधी गाडी बघायची. गाडीच नापास झाली तर कागद बघण्यात वेळ कशाला घालवायचा?

भाची : मामा, कागद बघायला घरातून उठावंही लागत नाही. नंबर मिळाला की एम-परिवहनवर नोंदणीची तारीख दिसते, फिटनेस कधी संपतं ते दिसतं, विमा आणि पीयूसी चालू आहे का ते दिसतं, गाडीवर कोणाचा फायनान्स चढलेला आहे का तेही दिसतं. चलानं वेगळी बघायची. एवढं बघून निम्म्या गाड्या गळतात. मग उरलेल्यांच्या खाली तुम्ही झोपा.

मामा : आणि कागद चोख असलेली गाडी आतून पोकळ निघाली तर? अगं, आरसीवर इंजिनाचा नंबर असतो, इंजिनाची हालत नसते.

भाची : आणि इंजिन चांगलं असलेल्या गाडीवर बँकेचा बोजा निघाला तर? ती गाडी तुमच्या दारात उभी असली तरी तुमची नाही.

इथे मी मुलीच्या बाजूने आहे, निदान क्रमापुरती. जे फुकट आणि घरबसल्या बघता येतं ते आधी बघावं. त्यात आणखी एक फायदा आहे. गाडी डोळ्यांना आवडली की माणूस कागदातल्या उणिवांना कारणं शोधायला लागतो. गाडी बघण्याआधी कागद बघितला तर तो मोह होत नाही.

पण मामाने पुढे जे सांगितलं ते कुठल्याही ॲपवर मिळणार नाही.

मामा : विकणाऱ्याला आदल्या रात्री निरोप द्यायचा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडीला हात लावू नको. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर परत फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. गरम इंजिन कसंही चालू होतं. डिझेलची खरी परीक्षा थंडीत असते. त्यात पेटवायला प्लग नसतो, हवा दाबून तापवूनच डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह बसले की दाब गळतो, दाब गळला की हवा पुरेशी तापत नाही, आणि गाडी सेल्फ खात राहते.

भाची : बॅटरी कमजोर असली तरी सेल्फ खाते.

मामा : खाते. म्हणून सेल्फचा आवाज ऐकायचा. सेल्फ मरतुकडा फिरत असेल तर बॅटरी, झपाझप फिरूनही इंजिन पेट घेत नसेल तर दुखणं आत आहे. चालू झाल्यावर एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. सुरुवातीला जरा पांढरं येतं आणि जातं, ते चालतं. गरम झाल्यावरही पांढरंच येत राहिलं तर एक तर नोझल नीट मारत नाही, नाही तर पाणी आत जातंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा धूर जोर दिला की थोडा येणारच, पण जुन्या गाडीने नुसत्या रेसवर काळे लोट सोडले तर नोझल, पंप, टर्बो, एअर फिल्टर यांतलं काही तरी बघावं लागेल.

भाची : आणि ऑइल काळं असलं तर?

मामा : डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर घाबरायचं, कारण त्यात पाणी मिसळलंय. त्याहून महत्त्वाचं, इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघायचं. थोडी वाफ येते. पण भकाभका धूर आला, झाकण उलटं ठेवलं तर उडायला लागलं, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. म्हणजे वरचा दाब रिंगांवरून खाली येतोय. ती गाडी घेतली की हाफ इंजिनाचा खर्च आजच किमतीत धरायचा.

भाची : हेच मला स्कॅनर सांगेल.

मामा : स्कॅनर सेन्सरला जे कळतं ते सांगतो. रिंग किती झिजली हे कळायला तिथे सेन्सर कुठे आहे?

भाची : पण नोझलचं सांगतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या कॉमन रेल गाड्यांत डिझेल हजार बारच्या वर दाबाने जातं. तुमच्या मॅटाडोरचा पंप हाताने खोलून बसवता यायचा. इथे एक नोझल बदलायचा खर्च निराळा असतो आणि चार नोझलं एकदम गेली तर गाडीचा सगळा नफा गेला. स्कॅनर लावला की जुने फॉल्ट दिसतात. आणि सगळे फॉल्ट नुकतेच पुसलेले असतील तर तेही दिसतं. मी तर म्हणेन, पुसलेला स्कॅन हा फॉल्टपेक्षा वाईट.

मामा : ते मानलं. आणि त्याच्याबरोबर डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ सोडून बाटलीत घ्यायचं. पाणी निघालं तर विकणाऱ्याने कधी लक्षच दिलेलं नाही. कॉमन रेलचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. नोझल आणि पंपाच्या आतल्या भागांना डिझेलच वंगण देतं, पाणी देत नाही.

हे ऐकून मुलगा वहीत लिहायला बसला. मी त्याला थांबवलं. इंजिनाबद्दल सगळे बोलतात, कारण इंजिन महाग असतं. पिकअपचं आयुष्य मात्र बरंचसं हौद्यात आणि चेसिसमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्याबद्दल मामाच बोलू शकतो.

मामा : मी विकणाऱ्याला किलोमीटर विचारत नाही. मी विचारतो, गाडीत काय भरायचास? फुलं, लसूण, पाव, अंडी भरणाऱ्याची गाडी दोन लाख किलोमीटर चालली तरी ती उभी राहते. गिट्टी आणि सळ्या भरणाऱ्याची लाखभर चालली तरी ती खचते. दीड टनाच्या गाडीत तीन टन भरणारे मी बघितलेत.

भाची : आणि तो खोटं बोलला तर?

मामा : तोंड खोटं बोलेल, पाटे बोलणार नाहीत. मागच्या चाकाजवळ वाकून पाटे मोज. कंपनीच्या पाट्यांखाली एखादा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या रंगाचा पाटा घातलेला असेल तर त्याने जादा माल भरायला तो घातलाय. मग चेसिसवर पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे बघायचं, केबिनच्या मागे चेसिस जिथे वाकते तिथे बघायचं. वेल्डिंगची रेघ, वरून लावलेली पट्टी, एकाच जागी ताजा काळा रंग, यातलं काहीही दिसलं तर सोडून दे. इंजिन बांधता येतं, चेसिसचा विश्वास परत बांधता येत नाही. हौद्याचा पत्रा बघ. युरिया आणि मीठ वाहिलेल्या गाडीचा पत्रा खालून कुरतडल्यासारखा होतो. गिट्टी वाहिलेल्या हौद्यात खड्डे पडलेले असतात, सळ्या वाहिलेल्या गाडीच्या केबिनच्या मागच्या बाजूला आणि फाळक्यावर ओरखडे असतात. दुधाचे कॅन वाहिलेल्या गाडीचा हौदा रोज धुतलेला असतो, सांध्यांत गंज असतो, पण पाटे बरे असतात.

भाची : म्हणजे तुम्हाला किलोमीटर नकोतच?

मामा : हवेत, पण मीटरवरचे नकोत. क्लचच्या पॅडलचं रबर बघ, ड्रायव्हरच्या दाराचा बिजागर खाली बसलाय का बघ, स्टिअरिंगचं कव्हर काढून बघ. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीस हजार किलोमीटर चाललेली म्हणतो आणि टायरांचा दुसरा जोड झिजलेला आहे, तर हिशोब लागत नाही.

भाची : माझा मार्ग सोपा आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गाडीच्या सर्व्हिसची नोंद असते, दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन गेलं की दाखवतात. २०२२ला ऐंशी हजार आणि आज पंचावन्न, असं निघालं तर बोलायचंच काही उरलं नाही.

मामा : आणि दोन वर्षांनंतर बाहेरच्या गॅरेजवर गेलेली गाडी असली तर? बहुतेक पिकअप तशाच असतात.

भाची : मग जुन्या विम्याचे कागद. आणि फिटनेसच्या तारखा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं. मध्ये कुठे मोठा खंड असला तर त्या काळात गाडी एक तर उभी होती, नाही तर विनाफिटनेस पळत होती. दोन्हींचं उत्तर मालकाकडून घ्यायचं.

मला या जागी दोघंही बरोबर वाटले, आणि ते एकच गोष्ट दोन बाजूंनी बघत होते. मी त्या दोघांना विचारलं, पाटे म्हणतात की गाडीने सिमेंट वाहिलं आणि मालक म्हणतो की भाजी वाहिली, तर तुम्ही कोणाचं ऐकाल? मामा म्हणाला पाट्यांचं. मुलगी म्हणाली, मग मालकाच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवायचा नाही, फायनान्स फिटल्याचं म्हणतो त्यावरही नाही. मला तिचं हे फार पटलं. लोखंडात सापडलेलं खोटं कागदापर्यंत न्यावं. तसंच कागदात सापडलेलं खोटं घेऊन परत लोखंडाकडे जावं. तीन वर्षं विमा न भरणाऱ्याने वेळेवर ऑइल बदललं असेल हे मानायला काही आधार नाही.

गाडी कुठली घ्यावी यावरून खरा वाद पेटला. आमच्या वहिनींच्या माहेरची माणसं नाशिकला आहेत आणि तिकडे पिकअप पुष्कळ विकायला असतात.

मामा : गाडी उज्जैनचीच घ्यायची. एमपी-१३. मालक ओळखीचा निघतो, गॅरेज ओळखीचं निघतं.

भाची : एमपी-१३ म्हणजे उज्जैनमध्ये चाललेली गाडी, हा हिशोब आता चालत नाही मामा. २०२४मध्ये विक्रमोत्सवाच्या व्यापार मेळ्यात नव्या गाड्यांच्या करात निम्मी सूट होती, आणि सूट हवी तर नोंदणी उज्जैनची. बाहेरगावच्या कितीतरी लोकांनी इथे नोंदणी केली. नंबर उज्जैनचा, गाडी झाबुआच्या खाणीवर, असं सहज असू शकतं.

मामा : बरं, तेवढ्या नव्या गाड्या आपण बघतच नाही. पण एमएच-१५ कशाला आणायची?

भाची : कांद्याच्या पट्ट्यातली गाडी असते, माल हलका, डांबरी रस्ता. पण तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. इथे कर भरावा लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो. तिथे स्वस्त मिळालेली गाडी इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही. मी ते नको म्हणत नाही, हिशोब आधी करा म्हणते.

मामा : आणि त्या दिल्लीच्या गाड्या? इंदूरला फार येतात म्हणे, मातीमोल.

भाची : त्या का येतात हे माहीत असलं म्हणजे झालं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घातली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिथे निरुपयोगी ठरणारी गाडी एनओसी घेऊन बाहेर पडते. गाडी वाईट असतेच असं नाही, वयामुळे बाहेर पडलेली असते. पण एनओसी खरी आहे का, तिची मुदत आहे का, आणि आपलं आरटीओ त्या वयाच्या गाडीला घेईल का, हे सगळं पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

मामा : आणि थांबून थांबून चाललेली गाडी असते ती. क्लच, ब्रेक, स्टार्टर, सगळं जास्त झिजलेलं. मी घेणार नाही.

भाची : मी हिशोब बसला तर घेईन.

हा वाद तिथेच राहिला, आणि राहायला हरकत नाही. पुढचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नव्हता. बीएस-४ की बीएस-६? १ एप्रिल २०२०पासून देशात नवी गाडी बीएस-६चीच विकली जाते. म्हणजे बीएस-४ घ्यायची तर ती आजच काही वर्षं वापरलेली असणार.

मामा : बीएस-४. कोणीही मिस्त्री उघडतो, पार्ट कुठेही मिळतात.

भाची : पण तिची आठ वर्षं भरली किंवा भरत आली. दर वर्षी फिटनेस. आणि माझा भाऊ ती पाच-सहा वर्षं चालवणार, उद्या नियम आणखी कडक झाले तर पहिली बाहेर पडेल ती बीएस-४.

मामा : आणि बीएस-६मध्ये सायलेन्सरच्या जागी काय काय बसवलंय ते तुला माहीत आहे? डिझेलच्या काजळीचा फिल्टर, डीपीएफ. काही गाड्यांत युरियाचं पाणीही लागतं. तो फिल्टर काजळी जाळतो, पण त्यासाठी गाडी बराच वेळ गरम चालावी लागते. आपल्या पोराची गाडी पहाटे गावातून येणार, मग दिवसभर गल्लीत थांबत थांबत फिरणार. ती काजळी साचवणारच.

भाची : पहाटेचा आगर रोड आहे की. तेवढ्यात फिल्टर जळून साफ होईल.

मामा : होईल, त्याने दिवा लागल्यावर गाडी बंद केली नाही तर. म्हणून बीएस-६ बघायची असली तर डॅशबोर्डवर चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागतात का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतात का हे बघायचं. एखादा दिवा लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर कापलीय. आणि सायलेन्सर कापून वेल्ड केलेला असेल तर आतला फिल्टर काढून टाकलाय. ती गाडी पीयूसीला अडकेल.

माझं मत मी इथे स्पष्ट देते. गल्लीबोळांत फिरणाऱ्या छोट्या धंद्याला, चांगल्या हातातली आणि हलका माल वाहिलेली बीएस-४ अजून योग्य आहे, पण ती घेताना किमतीत तिची राहिलेली वर्षं मोजावी. बीएस-६ घ्यायची तर तिची सर्व्हिसची नोंद सलग असल्याशिवाय घेऊ नये. सलग नोंद नसलेली बीएस-६ मला या दोन्हींपेक्षा जास्त धोक्याची वाटते.

मामा : चालवून बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही. आणि रिकामी चालवायची नाही. रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. चिमणगंज मंडीतून दहा क्विंटल गहू भरून घ्यायचा, विकणाऱ्याला भाडं द्यायचं, आणि पहाटे फ्रीगंजच्या रेल्वेपुलावर तिसऱ्यात चढवायची. क्लच सरकत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअर उडतो का बघायचं. मग इंदूर रोडला वेग घेऊन मागच्या धुऱ्यातून घूं आवाज येतो का ऐकायचं. जोर दिल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, तर क्राऊन पिनियन. गाडी सुटताना खण्ण झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. परत येऊन पाण्याचा पाइप दाबायचा. दगडासारखा कडक असेल, बाटलीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची.

भाची : पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची? क्षिप्रा चढली की रामघाटाकडे दर पावसाळ्यात पाणी येतं.

मामा : ड्रायव्हरचा पट्टा पूर्ण ओढून काढ. शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ असली तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. सीटखालचे बोल्ट गंजलेले, हेडलाइटच्या काचेत आतून गाळाची रेघ, वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज. अशा गाडीचं इंजिन चालेल, वायरिंग मात्र तुला वर्षभर सुखाने झोपू देणार नाही.

इथे मुलगी गप्प बसली आणि लिहून घेत राहिली. ती गप्प बसते तेव्हा मला कळतं की मामाचं म्हणणं तिने घेतलं. पण कागदाचा दुसरा अर्धा भाग तिच्याकडे होता, आणि तो मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटतो.

भाची : मामा, तुम्ही म्हणालात मालक ओळखीचा हवा. ओळखीचा म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे तो. इथे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते आणि आरसी पहिल्याच्या नावावर असते. मधल्याने कोरे फॉर्म २९ आणि ३० सही करून घेऊन ठेवलेले असतात.

मामा : सगळा बाजार असाच चालतो. आम्ही कितीतरी गाड्या अशा दिल्या-घेतल्या.

भाची : चालतो, जोपर्यंत अपघात होत नाही तोपर्यंत. ६ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. गाडी एकामागून एक हातांत विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच नावावर होती. न्यायालय म्हणालं, कायद्याला मालक तोच, नोंदीत ज्याचं नाव आहे तो. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. कुटुंबातला माणूस गेलेल्यांनी गाडीचा आजचा मालक शोधत फिरावं, अशी अपेक्षा त्यांच्याकडून ठेवता येणार नाही.

मामा : मग काळजी विकणाऱ्याने करायची. घेणाऱ्याचं काय जातं?

भाची : घेणाऱ्याला त्यातून विकणारा ओळखता येतो. शहाण्या विकणाऱ्याला आपलं नाव उतरवायची घाई असते. कायद्याने त्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि आपण तीस दिवसांत. जो म्हणतो की करू सावकाश, त्याला एक तर कायदा माहीत नाही, नाही तर तो मालकच नाही. आणि आपलंही जातं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नावावर करावा लागतो. मी रोज असे दावे बघते. गाडी चेपलेली, हप्ता चालू, आणि विमा दुसऱ्याच माणसाच्या नावावर. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही आपल्याला मिळत नाही, तो त्याचा असतो. म्हणून विम्याचा खर्च त्याच्या कागदावरचा धरू नका, नव्याने विचारून धरा.

मामा : फायनान्स फिटला म्हणतात आणि आरसीवर तसाच असतो, त्याचं काय?

भाची : फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. दोन्ही हातात आल्याशिवाय एक रुपया नाही. सीझ करून लिलावात आलेली गाडी असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र लागतं, आणि ती किती महिने यार्डात उन्हापावसात उभी होती ते विचारायचं. डीलरकडून घ्यायची तर एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते मागायचं. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद असेल तर तो कायद्याने तिचा मानीव मालक ठरतो, आणि हात झटकू शकत नाही.

मी तिला परवान्याचं विचारलं, कारण मुलाकडे साधं एलएमव्ही लायसन्स आहे. ती म्हणाली, ते पुरतं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेच लायसन्स चालतं हे कायम केलं. परमिटचं मात्र बघावं लागेल. गाडीचं मालासकट एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असेल तर माल वाहायला परमिट लागत नाही, वर असेल तर लागतं. पिकअपची एकाच नावाची छोटी आणि मोठी मॉडेलं असतात, म्हणून आकडा आरसीवरच वाचायचा. ओव्हरलोडला कायद्यात वीस हजार रुपये दंड आणि वर दर जादा टनाला दोन हजार, हेही तिने त्याला ऐकवलं.

शेवटी चेसिस नंबर. इथे मात्र मामा-भाचीचं एकमत झालं, आणि दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी. भाचीला तो आरसीशी, विम्याशी आणि फायनान्सच्या एनओसीशी अक्षर न् अक्षर जुळवायचा होता. मामाला त्या जागेचं लोखंड बघायचं होतं. नंबर कोरलेल्या जागी घासलेलं, वेल्ड केलेलं किंवा अक्षरं वरखाली झालेली असतील तर गाडी चोरीची असू शकते किंवा अपघातात चेसिस बदललेली. त्याने खिशातून पेन्सिल काढली, कागद ठेवून त्यावरून फिरवून नंबर कसा उठवायचा ते पोराला दाखवलं.

मग पैशांचं निघालं.

मामा : गाडी पसंत पडली की दहा हजार हातात द्यायचे आणि बोली पक्की. माणसाचा शब्द असतो.

भाची : शब्द असू दे, पैसे खात्यातून जाऊ दे. आणि आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, मेव्हण्याच्या नाही. बयाण्याच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचं की कागदात खोट निघाली तर पैसे परत.

मामा : एवढा अविश्वास दाखवला तर तो गाडीच देणार नाही.

भाची : न देऊ दे. आणि ताबा घेताना ताबापावतीवर नुसती तारीख नको मामा, वेळ पण लिहायची. सकाळी अकरा वाजता गाडी आपण घेतली आणि सकाळी नऊ वाजता तिने कोणाला धडक दिली असेल, तर ती धडक कोणाची, हे त्या वेळेवरून ठरतं.

मामाने यावर वाद घातला नाही. त्याने एवढंच सांगितलं की त्या पावतीवर किलोमीटरही लिहा, स्टेपनी, जॅक आणि दुसरी चावी मिळाली की नाही तेही लिहा. मुलगी म्हणाली, लिहू.